तीन तासांवरचं शहर

आमच्या मामाने उभं आयुष्य विमानाची तिकिटं विकण्यात घालवलं आणि स्वतः मात्र साठी उलटेपर्यंत विमानात पाऊल ठेवलं नाही. कुणी टोकलंच तर म्हणायचा, "चष्मे विकणाऱ्याने चष्मा लावलाच पाहिजे असं कुठे आहे?" शेजारच्या दुकानातला चष्मेवाला तेव्हा आपल्या जाड भिंगांमधून त्याच्याकडे टक लावून बघत असायचा, पण हे मामाच्या कधी लक्षात आलं नाही.

ते ऑफिस आता नाही. त्या जागेत मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. परवा त्या गल्लीतून जाताना मी उगाचच आत डोकावले आणि त्या बिचाऱ्याला वाटलं, गिऱ्हाईक आलं. मला कव्हर नको होतं. मला ते जुनं काउंटर बघायचं होतं, ज्याचा काठ मामाच्या कोपरांनी घासून घासून पांढरा पडला होता. काउंटरवर एक खेळण्यातलं विमान असे. त्याचा एक पंख कधीतरी तुटला होता आणि मामाने तो गोंदाने तिरका चिकटवला होता, त्यामुळे ते विमान कायम वळण घेत असल्यासारखं दिसायचं. मागच्या भिंतीवर आशियाचा नकाशा होता. ओल येऊन त्याच्या कोपऱ्यातले समुद्र तपकिरी झाले होते.

तेव्हा तिकीट हाताने लिहीत. पातळ कागदांचं छोटं पुस्तकच असायचं ते, मागे लाल कार्बन लावलेलं. मामाची बोटं त्या कार्बनने लाल झालेली असायची. लहानपणी मला वाटे, याच्या हाताला सारखं लागतं आणि हा कुणाला सांगत नाही. सुट्टीत मी तिथे जाऊन बसायची. गोंदाचा, कागदाचा आणि गरम झालेल्या पंख्याचा असा एक मिसळलेला वास तिथे होता. तो वास मला आजही कुठेतरी अचानक येतो आणि माझं पुढचं अर्धं वाक्य हरवतं.

गिऱ्हाईक आलं की हमखास विचारायचं, "किती लांब आहे हो? किती वेळ लागतो?" मामा लगेच उत्तर देत नसे. पेनाचं टोपण लावायचा आणि उलट विचारायचा, "कोण आहे तिकडे?" मुलगी आहे, नातू आहे, असं कळलं की म्हणायचा, "काही नाही हो, एक जेवण आणि एक डुलकी." दुसऱ्या कुणाला त्याच शहराची वेळ तो चांगली दुप्पट करून सांगायचा. मी एकदा त्याला पकडलंच. म्हटलं, "मामा, तू थापा मारतोस."

"थापा कसल्या? सासूकडे निघालेल्याला मी रांगांसकट वेळ सांगतो आणि लेकीकडे निघालेल्याला फक्त हवेतला. दोन्ही खरेच." मग म्हणाला, "माणूस लांबी विचारतो ना, तेव्हा त्याला लांबी नको असते गं. धीर हवा असतो."

या धीर देण्याच्या खोडीपायी तो पुढे आमच्याच घरात अडकला.

बाबा गेल्यावर आईने आम्हा दोघी बहिणींना शिवणयंत्रावर वाढवलं. ती शाळांचे गणवेश शिवायची. घरात जिकडे तिकडे कॉलर, बाह्या आणि बटणांचे डबे. शब्दाची कडक आणि मनाने तितकीच हळवी. ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. ती एक्स-रे काढण्याचं शिक्षण घेऊन बाहेर पडली आणि तिला दूरच्या एका शहरातल्या मोठ्या इस्पितळात नोकरी मिळाली. शहर आशियातलंच, पण आपण या अंगाला तर ते पार मावळतीकडे. ताईचा जीव त्या नोकरीत अडकला होता. जेवताना घास हातात धरून ती आईच्या तोंडाकडे बघत बसे.

आईची अट एकच होती. ती तिने आम्हाला लहानपणापासून ऐकवली होती. "हाक मारलीस की मला पोचता येईल, तिथपर्यंत जा. त्याच्या पुढे नाही." ही हाकेची लांबी तिने कशावरून ठरवली होती तेही आम्हाला माहीत होतं. तिचं माहेर बसने तीन तासांवर होतं. आजी पडली तेव्हा सकाळी निरोप आला आणि दुपारी आई तिच्या उशाशी होती. तीन तास म्हणजे आपलं माणूस हाताशी आहे. त्याहून जास्त म्हणजे ते माणूस परक्याच्या भरवशावर सोडलेलं.

मामा एका संध्याकाळी ऑफिसातलं विमानांचं विटेएवढं जाड वेळापत्रक घेऊन घरी आला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, कापलेल्या बाह्या बाजूला सारून, त्याने पान उघडलं. आईने स्वतःच ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं. सुटणार सकाळी दहाला. पोचणार दुपारी एकला.

"तीन तास?" आईचा चेहरा उजळला. "अरे, हे तर माझ्या माहेराइतकंच!"

आता त्या वेळापत्रकात सुटायची वेळ इथली असते आणि पोचायची तिथली. तिथलं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. विमान हवेत असतं चांगलं साडेसहा तास. हे मामा रोज कुणा ना कुणाला समजावत असे, त्यासाठी पेन्सिलीने घड्याळं काढून दाखवत असे. त्या संध्याकाळी त्याने तोंड उघडलं, ताईकडे पाहिलं आणि पुन्हा मिटलं. ताईने टेबलाखाली त्याचा हात घट्ट धरून ठेवला होता. हे तिने मला खूप नंतर सांगितलं.

"हो ना अक्का," मामा शेवटी म्हणाला. "नकाशावर तर वीतभरसुद्धा नाही."

ताई गेली त्या दिवशी मामाने रजा टाकली. विमानतळावरून परत आल्यावर एक वाजता आई फोनशेजारी खुर्ची ओढून बसली. तिची एक रीत होती. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचं कळेपर्यंत ती अन्नाला शिवत नसे, आणि ती जेवत नाही म्हटल्यावर आम्ही तरी काय जेवणार! दीड वाजला, फोन नाही. मामा म्हणाला, "सामान मिळायला वेळ लागतो." मग म्हणाला, "पासपोर्टची रांग असते." आणखी काही वेळाने, "तिथली माणसं फार संथ आहेत अक्का, शिक्का मारायलाच तासभर लावतात." आईचा चेहरा उतरत चालला होता. मामाला भूक अजिबात सोसत नसे. पोटात कावळे ओरडत असताना तो बिचारा एकामागून एक रांगा रचत होता. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. मला आपलं वाटलं, मामाला त्या शहराची केवढी माहिती!

साडेपाचला फोन वाजला. "काय गं, सामानाला एवढा वेळ?" हे आईचं पहिलं वाक्य. पलीकडून ताईने क्षणभरही न अडखळता सांगितलं, "हो ना आई, मेले हमाल!" आईचा जीव भांड्यात पडला. मामा त्यानंतर मान खाली घालून जेवत होता, जेवत होता, पोळ्या संपल्या तरी जेवत होता. त्या शहरातल्या हमालांशी मात्र आईचं कायमचं वैर जडलं. शेजारीपाजारी ती सांगायची, "शहर जवळ आहे हो, पण तिथले हमाल मुलखाचे आळशी."

परतीच्या प्रवासात खरं तर बिंग फुटायलाच हवं होतं. पहिल्यांदा घरी आली तेव्हा ताई तिथून सकाळी आठला निघाली आणि इथे दिवेलागणीला उतरली. जायला तीन तास आणि यायला दहा, हे काय गौडबंगाल? मामा उत्तराची जुळवाजुळव करत होता, तेवढ्यात आईनेच ते कोडं सोडवून टाकलं. "जाताना पोरं दोन कपडे घेऊन जातात. येताना बघ, सगळ्यांसाठी काय काय लादून आणतात! जड झालेलं विमान हळू चालणारच." मामाने इतक्या जोरात मान डोलावली की मला वाटलं, आता ती निखळून पडते.

तिकडची घड्याळं मागे असतात, हे आईला माहीत नव्हतं असं नाही. ताईला फोन करायचा तर ती बोटांवर तास मोजून, आता पोरगी उठली असेल, असं बघूनच करायची. पण हे घड्याळ आणि ते वेळापत्रक या दोन गोष्टी तिच्या डोक्यात शेजारी शेजारी राहिल्या आणि त्यांची एकमेकींशी कधी ओळख झाली नाही. तीन तास ही तिच्या मनाची टेकायची जागा होती. तिथे कोण कशाला हिशेब करत बसेल?

मला आठवीत भूगोलाच्या तासाला उलगडा झाला. मी धावत मामाच्या ऑफिसात गेले. त्याने पेनाचं टोपण लावलं. "कुणाला बोललीस?"

"नाही अजून."

"मग भूगोल शाळेतच राहू दे."

राहू दिला. खरं सांगायचं तर ते गुपित सांभाळायला मला आवडायचं. घरातल्या मोठ्या माणसांत जागा मिळाल्यासारखं वाटायचं.

अशी वर्षं गेली. ताई दर दोन वर्षांनी यायची. फोनवर दर वेळी म्हणायची, "आई, तू ये ना गं इकडे." आणि आईचं उत्तर ठरलेलं, "येईन गं. तीन तासांचं तर आहे. शाळा सुरू व्हायची वेळ आलीय, एवढे गणवेश होऊ देत." गणवेश झाले की गुडघा दुखायचा. गुडघा थांबला की घराला रंग काढायचा असायचा. "पळून चाललंय का ते शहर?" असं म्हणून ती यंत्रावर पाय मारायला लागायची. मामा ऐकत असायचा. एरवी बडबड्या माणूस, पण हा विषय निघाला की कपातल्या चहात बघत बसायचा.

मग एका संध्याकाळी ताईचा फोन आला. पोटात खूप दुखत होतं, अपेंडिक्स आहे म्हणाले, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. आई पांढरीफटक पडली. पण तिने स्वतःला सावरलं. "घाबरू नकोस. काही वाटलं तर नुसतं कळव, तीन तासांत तुझ्याजवळ आहे मी."

मामाला बातमी कळली तसा तो आला. एक चहा झाला, दुसरा झाला. तो काहीतरी बोलायचं म्हणून आला होता आणि काय बोलायचं होतं ते मला दिसत होतं. आईने त्याला टाके उसवायला दिलेली एक कॉलर त्याने उसवली, परत घडी घातली, परत उलगडली. तिसरा चहाही झाला आणि तो उठला. दारापर्यंत मी त्याच्या मागे गेले.

"मामा, सांगून टाक ना तिला."

"आज?" त्याने वळून आईकडे पाहिलं. ती दिव्याखाली मान वाकवून शिवत होती. "आज ती जी काय झोपणार आहे ना, ती त्या तीन तासांवर झोपणार आहे. तेवढे कसे काढून घेऊ तिच्याकडून?"

ताई बरी झाली. तिच्या शेजारची एक बाई तिला पंधरवडाभर जेवण आणून देत होती. आईने त्या अनोळखी बाईसाठी एक सुंदर पोलकं शिवून पाठवलं.

दरम्यान मामाचं जग हळूहळू आटत चाललं. लोक घरबसल्या तिकिटं काढायला लागले. लाल कार्बन गेला, जाड वेळापत्रक यायचं बंद झालं, मामाची बोटं स्वच्छ झाली आणि मला ती कुणा भलत्याच माणसाची वाटायला लागली. तरी काही जुनी मंडळी यायची. मुलाने काढून दिलेल्या तिकिटाचा कागद समोर ठेवून विचारायची, "तसं सगळं झालंय हो. पण वेळ किती लागतो?" मामा टोपण लावायचा. "कोण आहे तिकडे?" या कामाचं ऑफिसला काही मिळत नव्हतं. शेवटी मालकाने ऑफिस बंद करायचं ठरवलं आणि निरोप म्हणून मामाच्या हातात दोन तिकिटं ठेवली. कुठली हवीत, असं त्याने विचारलं होतं. मामाला विचार करावा लागला नाही.

"अक्का, चल," तो घरी येऊन म्हणाला. आम्हाला वाटलं, आता गणवेश निघतील, गुडघा निघेल. पण आईने यंत्रावर कापड पसरलं आणि म्हणाली, "बरं. तुलाही एकदा आतून विमान बघायचं असेल." मी तेव्हा नोकरीला लागले होते. तिसरं तिकीट मी माझं काढलं. मला ही गंमत चुकवायची नव्हती. गंमतच वाटत होती मला ती.

"आता तरी सांग," मी मामाच्या मागे लागले. निघायच्या आदल्या आठवड्यात तो तीनदा सांगायला आला आणि तीनदा चहा पिऊन गेला. विमानतळावर मी त्याला कोपराने ढोसलं, तर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "वर गेल्यावर सांगतो. हवेत तिला उठून घरी जाता येणार नाही."

खिडकीशी आई, मध्ये मामा, कडेला मी. हजारो माणसांना ज्याने बसल्या जागेवरून विमानात चढवलं त्याला स्वतःचा पट्टा लावता येईना. आईने तो लावून दिला. विमान वर झेपावलं तसे मामाने डोळे मिटले आणि आईने उघडे ठेवले. तिला सगळ्याची मौज वाटत होती. ढग किती जवळ, चमचे किती छोटे. मांडीवर ताईसाठी आणलेल्या कपड्यांची पिशवी. जेवण झालं. मामा दोनदा खाकरला, दोनदा "अक्का" म्हणाला आणि तिसऱ्यांदा चक्क झोपून गेला. खरंच झोपला की सोंग होतं, देव जाणे.

एक वाजायला आला तशी आईची हालचाल सुरू झाली. तिने पांघरुणाची घडी घातली. पर्समधून फणी काढून केस सारखे केले. पायांनी चाचपून चपला घातल्या. मग पिशवी उचलून ती उभीच राहिली आणि मामाला हलवलं. "ऊठ रे, आलं."

विमानातली मुलगी लगबगीने आली. "बाई, बसून घ्या. अजून साडेतीन तास आहेत."

"साडेतीन तास?" आई खाली बसली. मामाकडे वळून हळूच म्हणाली, "रस्ता चुकलं का रे हे?"

मला हसू यायला हवं होतं. इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होते. पण आईच्या आवाजात खरीखुरी भीती होती.

मामाने सांगितलं. या वेळी घड्याळं काढून दाखवली नाहीत, रांगा नाहीत, हमाल नाहीत. साडेसहा तास लागतात, पहिल्यापासून साडेसहाच लागायचे, इतकंच.

 आईने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हिला माहीत होतं?"

"हो."

"आणि ताईला?"

"हो."

खिडकीबाहेर नुसतं पांढरं होतं. ती तिकडे बघत राहिली. मामाला ते सहन होईना. "अक्का, खरं बोललो असतो तर तू तिला पाठवलं नसतंस गं."

"नसतंच पाठवलं," आई म्हणाली. "तिचं भलं झालं. त्याबद्दल मी काही म्हणत नाही."

 मग आवाज न चढवता, जणू स्वतःशीच हिशेब लावत असल्यासारखी बोलायला लागली. "तिचं पोट कापलं तेव्हा मी कॉलर शिवत बसले होते. एवढ्या वर्षांत एकदा तिची खोली बघायला गेले नाही. का, तर जवळ आहे. कधीही जाता येईल." आता तिने मामाकडे पाहिलं. "लांब आहे एवढं जरी म्हणाला असतास ना, तर मी कधीच निघाले असते रे."

 मामा रडत होता, लहान मुलासारखा, नाक ओढत. आईने त्याला रुमाल दिला. मग तिच्या हातून पिशवी घेऊन वर ठेवावी म्हणून त्याने हात पुढे केला, तर तिने ती दिली नाही. पुढचे साडेतीन तास ती तशीच बसून राहिली, पायांत चपला घालून आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून.